पृथ्वीराज कधी उतरणार?

शाहूपुरी, सातारा
२ फेब्रुवारी

चि. दादासो,

आशीर्वाद. फोनवर आपण भांडतो, म्हणून पत्र लिहिते. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

तुझा मुलगा बरा आहे. पुण्याहून ऑपरेशन करून गावी आला तेव्हा दोन कुबड्या होत्या, आता एकही नाही. जिना मात्र अजून एकेक पायरीने चढतो. भाग्यश्री नावाची फिजिओथेरपिस्ट पोवई नाक्याजवळ बसते, तिच्याकडे नेते. सांगलीकडची जैनांची मुलगी आहे. अंगाने काडी, आवाज तुमच्या पलटणीतल्या सुभेदाराचा. पहिल्या दिवशी तिने पृथ्वीराजला सांगितलं, "दादा, कबड्डीच्या लीगमध्ये तुम्ही कोण आहात ते मला माहीत आहे. तुमच्या गुडघ्याला माहीत नाही."

तिथेच मला ती आवडली.

आता तुझं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं की गुडघ्यातली दोरी नवी घातली आहे, ती हाडात रुजायला वेळ लागतो, नऊ-दहा महिन्यांच्या आत मैदानाचं नाव काढायचं नाही. तू मान हलवलीस. आणि दोन महिने होत नाहीत तोवर रोज सकाळ-संध्याकाळ "कवा उतरणार?" ऊस लावल्यावर तू दुसऱ्या महिन्यात कोयता घेऊन जातोस का फडात?

मी त्याला कोंडून ठेवलं आहे असं तू गावात सांगतोस, हे माझ्या कानावर आलं. तो चोवीस वर्षांचा आहे. गावात दारात रोज माणसं येऊन गुडघ्याला हात लावून बघायची, म्हणून तो माझ्याकडे आला. मी बोलावलं नव्हतं. आला, तर ठेवून घेतलं. मला त्याने काही फरक पडत नाही. कॉट नवी घेतली, पण ती तशीही बदलायचीच होती.

फोनही मी काढून घेतलेला नाही. त्याने स्वतः बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला. का, ते सांगते. तुमच्या 'पृथ्वीराज समर्थक' ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "पगार घ्यायचा नि सोफ्यावर बसायचं, लय झ्याक नोकरी हाय." त्याखाली एकाने अंगठा दिला. तो अंगठा तुझा होता. मी त्याच्या शेजारी बसून शेंगा फोडत होते, मलाही दिसला. तो उठून स्वयंपाकघरात गेला.

ऑपरेशनच्या दिवशी तू दवाखान्याच्या दारात मला म्हणालास, "तुझ्या पोटचं असतं तर कळलं असतं." त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

राजेश्वरीला सांग, लोणचं पोचलं, तिच्या लेकाला आवडलं.

आक्का

*

सातारा
२७ फेब्रुवारी

चि. दादासो,

तुझं पत्र नाही, पण तुझी माणसं आली. नानासो आणि आणखी चौघे, बोलेरोतून. आधी कळवलं नव्हतं. मी पोहे वाढवले.

नानासो तुमच्या समर्थक मंडळाचा अध्यक्ष, त्यामुळे बोलणं त्याच्याकडे होतं.

"आवं आक्का, गडी तर झ्याक दिसतोय की!"

"दिसतो."

"चालतोय बी."

"चालतो."

"मग पळाय काय हुतंय?"

मी म्हटलं, चालणाऱ्या प्रत्येकाला पळता येत असतं तर तू पोटासकट मुंबईची मॅरेथॉन जिंकला असतास. बाकीचे हसले. नानासोही हसला. त्याचा एक गुण आहे, राग पोह्यांच्या वर जात नाही.

मग त्याने उदाहरण काढलं. "त्यो हरियाणाचा डाव्या कोपऱ्याचा गडी बघा. दोन म्हैन्यांत उतरला! टीव्हीवर दावलं की."

"त्याला काय झालं होतं?"

नानासोने शेजारच्याकडे पाहिलं. शेजारचा पोह्यांकडे बघत म्हणाला, "करंगळी मोडली हुती."

एवढ्यावर थांबायचं, तर नाही. "पृथ्वी, गड्या, जरा उकिडवा बसून दाव की. बघू तरी किती वाकतोय." आणि तुझा मुलगा, ज्याला मोठ्या माणसांना नाही म्हणता येत नाही, तो भिंतीला हात लावून खाली बसायला लागला. मी म्हटलं, "ऊठ." शाळेतला आवाज निघाला. पृथ्वी उठला. नानासोही उठला. बाकीचे चौघेही उठले. मग उठलेच आहेत म्हणून निघाले.

जाताना मिरजेच्या बाजूच्या कुण्या वैदूचं तेल ठेवून गेले. मी ते सायकलच्या साखळीला लावलं. साखळी उत्तम चालते.

त्यांची मला चीड आली आहे, पण पृथ्वीला नाही. ते गेल्यावर मी बडबडत होते, तेव्हा तो म्हणाला, "आत्या, पाच वर्षं मी त्यांना दर आठवड्याला काहीतरी देत होतो. कामावरून येऊन जेवायचं ताट घेऊन ते टीव्हीसमोर बसायचे. आता मी काही देत नाही. मग विचारणारच."

मी म्हटलं, "आणि तुझे बाबा?"

त्याने पोह्यांच्या बशा गोळा केल्या. मग वेगळंच बोलला. ते तुला कळवावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. तो म्हणाला, "मला दुखायची भीती नाही. चढाईला गेल्यावर समोरच्या सात जणांऐवजी गुडघा आठवेल, याची आहे. एकदा आठवला की मी संपलो."

मी त्याला लसूण सोलायला दिला. दुसरं काय देणार? भाग्यश्रीला सांगितलं, तर ती म्हणाली, मांडी भरू दे, मग भीती आपोआप कमी होते. टेप लावून मोजते ती मांडी. उजवी अजून डावीपेक्षा बारीक आहे. तुझा मुलगा दुपारी भिंतीला पाठ लावून, हवेतल्या खुर्चीत बसल्यासारखा बसतो. घाम टपटपतो, मांडी थरथरते, आणि तोंडाने मला शब्दकोडं सोडवायला मदत करतो. त्याला मराठी बरं येतं. हे तू कधी पाहिलं नसशील.

यात सोफा कुठे आहे ते मला दाखव.

आक्का

*

सातारा
२४ मार्च

दादासो,

हँडबिल पाहिलं. राजेश्वरीने फोटो पाठवला. "यात्रेचे प्रमुख आकर्षण, लीग गाजवणारा आपल्या गावचा ढाण्या वाघ पृथ्वीराज, स्वतः मैदानात उतरणार." 'स्वतः'खाली दोन रेघा. फोटो तीन वर्षांपूर्वीचा.

राजेश्वरी म्हणते, पारावर कुणीतरी टोमणा मारला आणि तू तिथल्या तिथे शब्द दिलास. मुलाला विचारलं नाहीस. डॉक्टरला नाही. मला विचारायचा प्रश्नच नव्हता.

आपल्या गावचा पुकारा काय असतो ते मला समजावू नकोस. हँडबिलावर ज्याचं नाव, त्याचं नाव मैदानात माईकवरून तीनदा पुकारतात, मधे हलगी. तिसऱ्या पुकाऱ्याच्या आत त्याने रेषेला हात लावायचा आणि एक चढाई करायची. तो नसला तर त्याच्या घरातल्या कुणीतरी. कुणीच उठलं नाही, तर हलगीवाला हलगी पालथी ठेवतो. आपल्या थोरल्या चुलत्यांच्या वेळी ठेवली होती. आई कित्येक दिवस पाण्याला शेजारणीबरोबर गेली नाही, अंधारात एकटी जायची. तू लहान होतास. मला आठवतं.

तू म्हणशील, एक चढाई म्हणजे अर्धं मिनिट. दादासो, समोर सात तरणी पोरं असतील. त्यांतल्या ज्याने पृथ्वीराजला धरला, तो जन्मभर सांगेल की मी पृथ्वीराजला धरला. ती सोडतील त्याला? पाय आत वळला की नवी दोरी तुटायला एक झटका पुरतो. मग पुन्हा ऑपरेशन, पुन्हा वर्ष, आणि संघाचा करार येत्या हंगामापुरताच आहे. बाकावर बसून बरं होणाऱ्याला संघ वर्षभर सांभाळतो. दोनदा तुटलेल्याला कोण सांभाळणार?

मी त्याला म्हटलं, जायचं नाही. पालथी पडू दे हलगी. मी इथून बघून घेते.

तो म्हणाला, "आत्या, नाव माझं आहे. मी जाणार."

"आणि चढाई?"

"ते तिथं बघतो."

तुझाच मुलगा. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याने तिसऱ्या दिवशी स्वतः भाकरी थापली. ती भाकरी नव्हती, आपल्या जिल्ह्याचा नकाशा होता, पण खाल्ली.

मी यात्रेला येणार नाही. त्या मैदानात त्याला पडलेला बघायची माझी तयारी नाही. त्याला काही झालं, तर तुझ्या-माझ्यात हे शेवटचं पत्र समज. ही धमकी आहे. तुला तशी वाटली नाही तर पुन्हा वाच.

आक्का

*

सातारा
१७ एप्रिल

चि. दादासो,

अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ मिळाला. आधी राजेश्वरीकडून, मग नानासोकडून, मग माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून, जी आता तासगावला असते आणि जिला आपलं नातं माहीतही नव्हतं. तू तिथेच होतास, तुला काय सांगायचं? पण तुला तुझं तोंड दिसलं नसेल. मला दिसलं. म्हणून लिहिते.

पहिला पुकारा झाला, तेव्हा पृथ्वी गर्दीतून उठून आला. पांढरा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. सकाळी पंच कमिटीकडे जाऊन त्याने पंचाचं काम मागून घेतलं होतं, हे मलाही सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, मैदानात उतरलो, रेषेपाशी उभा राहिलो, लोक समजून घेतील. साधा आहे.

दुसऱ्या पुकाऱ्याला लोकांनी शिट्टी पाहिली. मग काय ओरडा! "शिट्टी नगं, चढाई पायजे!" "पैसं घेतल्याबिगर हलत न्हाई व्हय रं?" "गुडघा ऱ्हाऊ दे घरात, तू ये!" हा शेवटचा आवाज ओळखीचा वाटला. नानासोला विचार.

हलगी वाजत होती. पृथ्वी रेषेकडे बघत होता. मग त्याचा हात गळ्यातल्या दोरीकडे गेला, शिट्टी काढायला.

इथे मी फोन खाली ठेवला. गॅस पुसला. ओटा पुसला. मग परत उचलला.

परत उचलला तेव्हा माईक तुझ्या हातात होता. तुझा फेटा सुटला होता आणि आवाज चिरकत होता. "नाव त्येचं हाय, पर हँडबिलावर घातलं म्या. त्येला न इचारता. घरातलं कुनीबी चालतंय न्हवं पुकाऱ्याला? मग धरा ह्यो फेटा." आणि तू तो नानासोच्या हातात कोंबलास, चपला काढल्यास, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीस आणि रेषेला हात लावलास.

हलगी थांबली. मी फोन डोळ्यांजवळ नेला.

चौथ्या 'कबड्डी'ला तुझा दम संपला. ते खोटं सांगू नकोस, मी मोजून पाहिलं. ती सात पोरं एकमेकांकडे बघत मागे सरकत होती, तुला हात लावायचा धीर कुणाला होईना. शेवटी कोपऱ्यातला म्हणाला, "काका, धरू का?" आणि तू, धापा टाकत, "धर की लेका, इचारतोस काय!" मग दोघांनी तुला कमरेला धरून गव्हाचं पोतं ठेवतात तसं अलगद खाली ठेवलं.

आणि शिट्टी वाजली. लांब, कडक, नियमाप्रमाणे. पृथ्वीने हात वर करून बापाला बाहेर काढला. "बाद!"

त्या क्षणी तुझं तोंड, दादासो. मातीत उताणा पडून तू हसत होतास. पलटणीत गेल्यापासून तुला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. आणि वर उभा असलेला तो पंच शिट्टी तोंडात धरूनच हसत होता, त्यामुळे ती बारीक बारीक वाजत होती. नानासो फेटा फिरवत नाचत होता. ज्यांना चढाई पाहिजे होती त्यांना मिळाली. अशी पाहिजे होती की नाही, हे कुणी विचारलं नाही.

माझ्या विद्यार्थिनीने व्हिडिओखाली लिहिलं होतं, "मॅडम, हे कोण काका आहेत, भारी आहेत." मी उत्तर पाठवलं, "माझा भाऊ."

आता कामाचं. राजेश्वरी म्हणते, तुझा डावा गुडघा नारळाएवढा सुजला आहे आणि तू वैदूचं तेल मागवलं आहेस. ते तेल लावायचं नाही. पृथ्वी परत येईल त्याच्याबरोबर तूही ये. भाग्यश्रीला सांगून ठेवलं आहे. तिने विचारलं, "पेशंटचं वय?" मी सांगितलं. "खेळ कोणता?" मी कबड्डी सांगितल्यावर तिने वय पुन्हा विचारलं.

मागचं काही उकरायचं नाही, तूही नाही आणि मीही नाही. रात्री जेवायला काय करू, तेवढं कळव.

आक्का

*

सातारा
१२ ऑक्टोबर

चि. दादासो,

काल टीव्हीवर सामना लावून दोन तास आपण फोनवर होतो, तरी लिहिते. सवय लागली.

घर शांत आहे. पृथ्वी संघाच्या शिबिराला गेल्यापासून शब्दकोडी अर्धीच राहतात. तू इथे होतास त्या तीन आठवड्यांत मात्र एकही सुटलं नाही, कारण तू आडव्या शब्दांत उभे शब्द लिहितोस. आणि रोज सकाळी भाग्यश्रीला "कवा बरं व्हनार ओ म्याडम?" विचारायचास, तेव्हा पृथ्वी भिंतीकडे तोंड करून हसायचा. मला वाटायचं, आता बापाला चार शब्द सुनावेल. त्याने नाही सुनावले. तुझ्या टाचेखालचा टॉवेल सरळ केला फक्त.

कालचं बोलू.

पहिला अर्धा भाग तो बाकावर. मी काही म्हटलं नाही. दुसरा अर्धा सुरू झाला, तरी बाकावर. डॉक्टरांचा कागद झाला, संघाच्या डॉक्टरांचा कागद झाला, मांडी भरली, उड्या झाल्या, सगळ्या परीक्षा पास झाला, मग बसवून का ठेवायचं? त्या प्रशिक्षकाला मी काय काय म्हणाले ते तू फोनवर ऐकलंस. "पोराला पेन्शनीला उतरवणार काय" एवढं मी कबूल करते. बाकीचं गावात सांगू नकोस. निवृत्त मुख्याध्यापिकेला ते शोभत नाही. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

आणि तू म्हणालास, "आक्का, दम धर. गुडघा हाय त्यो."

मी तुझ्यावर इतकी चिडले की फोन बंद करणार होते. मग पलीकडून राजेश्वरीचं हसणं ऐकू आलं, आणि मला कळलं, हे तुझंच "कवा उतरणार?" मी बोलत होते.

शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा त्याला उठवलं. तो रेषेपाशी आला. रेषा ओलांडून गेला, डावीकडे, मग उजवीकडे. जुना पृथ्वी असता तर तिसऱ्या पावलाला कोपऱ्यात घुसला असता. हा घुसला नाही. बघत राहिला. उजव्या कोपऱ्याने पायाला झडप घातली, नेमकी त्याच पायाला. मी डोळे मिटले नाहीत, हे नोंदवून ठेव. त्याने पाय खेचला, त्याच पायावर गर्रकन वळला आणि रेषेच्या अलीकडे आला. दोन्ही पायांवर. समालोचक म्हणाला, "रिकामी चढाई. एकही गुण नाही." आणि पुढच्या गोष्टीकडे वळला.

मी टीव्हीचा आवाज कमी केला. राजेश्वरी म्हणत होती, "आवं, डोळं पुसा, दिसत न्हाई तुमाला," ते मी ऐकलं नाही असं समज.

संघ सामना हरला. त्याचा फोन आला, तेव्हा तो म्हणाला, "आत्या, जाताना गुडघा आठवला. वळताना नाही." मी म्हटलं, जेव आणि झोप. गुण का नाही आणलास हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. चाहता होणं सोपं नाही, दादासो.

राजेश्वरीने मला आता तुमच्या ग्रुपात घेतलं आहे. नानासोने तिथे लगेच लिहिलं, "आरं, वरीसभर थांबलो आनि पोरगं रिकामंच आलं की रं!"

त्याखाली कुणीही अंगठा द्यायच्या आत तुझं उत्तर आलं. मी चष्मा लावून वाचलं. दोनच शब्द होते.

"आलं न्हवं?"

आक्का